न बुडालेली आगबोट

बापू मयेकरांच्या झोपाळ्यावर कुणी बसलं, की चहाच्या आधी ते विचारत, "कुठल्या बंदरात उतरणार?" नवखा माणूस गोंधळून जाई. मी डोंबिवलीत त्यांचा वर्षानुवर्षांचा शेजारी, सरावलेला. "इथेच, डोंबिवलीला," म्हटलं तर बापू म्हणत, "मग बसून राहा. आपली बोट इथे लागत नाही."

झोपाळ्याची फळी म्हणजे एका आगबोटीच्या लाकडी डेकचा तुकडा. बापूंचे आजोबा त्या बोटीवर सुकाणू धरायचे. मुंबईहून निघून ती कोकणातली बंदरं घेत जायची. धक्का नसेल तिथे बोट लांब उभी राही आणि माणसं, बोचकी, कोंबड्या पडावात उतरून किनारा गाठत. धुराड्यातून उडालेल्या निखाऱ्यांचे काळे डाग फळीवर होते. त्यांवरून हात फिरवत, एकेका बंदराचं नाव ओळीने घेत बापू हे सगळं असं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं हेही बोटीवर होते. खरं तर बोट त्यांच्या जन्माआधीच मोडीत निघाली होती. तेव्हा आजोबांनी एवढी एक फळी मागून घेतली.

"बुडालेल्या बोटींवर लोक लिहितात, रडतात," बापू म्हणत. "आमच्या बोटीनं जन्मभर सगळ्यांना सुखरूप घरी पोचवलं, म्हणून तिला इतिहास नाही." तक्रारीशिवाय कोकणी माणसाला जेवण पचत नाही, असं मी चिडवायचो. पण त्यांचं म्हणणं मला पटायचं.

इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, तेव्हा बापू धास्तावले. मुलगा मंदार त्यांना ठाकुर्लीच्या आपल्या फ्लॅटवर नेणार होता आणि तिथे झोपाळ्याला जागा नव्हती. फळी थोपटत मला म्हणाले, "अरे, पोरगी लग्नाची झालीय. ठाण्याकडे एखादं चांगलं स्थळ बघ हिच्यासाठी." मी हेलपाटे घातले. शेवटी टेंभी नाक्याजवळच्या एका वाचनालयाने फळी भिंतीवर लावायचं कबूल केलं.

ते सांगायला परतलो, तर बापूंच्या दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, "मयेकर काका सकाळी गेले. सगळे स्मशानात आहेत."

मी पोचलो तेव्हा चिता पेटली होती. वरच्या लाकडांत ती फळी दिसली. "बाबांचा जीव होता तिच्यावर," मंदार म्हणाला. "म्हटलं, त्यांच्याबरोबरच जाऊ दे." वाचनालयाचं मी त्याला सांगितलं नाही. सांगून कुणाचं भलं होणार होतं? जुनं सागवान, चांगलं जळत होतं. मला रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच भीती वाटली.

दिवसकार्य उरकल्यावर वाचनालयातून फोन आला. टेम्पो कधी पाठवू, असं तिथले गृहस्थ विचारत होते. मी म्हणालो, फळी गेली.

"अरेरे. मग त्या बोटीचं दुसरं काही आहे का?"



"वस्तू नाही," मी म्हणालो. "पण ती कुठे कुठे थांबायची, ते मला पाठ आहे. लिहून घेता?"