निम्म्या पगाराची नोकरी

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे चौकशीबाई म्हणतात. लहानपणी कुणी पाहुणे आले की ही पाण्याचा पेला हातात द्यायच्या आधीच विचारायची, तुम्ही का आलात आणि कधी जाणार? आईने त्यापायी पुष्कळ धपाटे घातले, पण खोड गेली नाही. मोठी झाल्यावर ती कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसायला लागली. तिथेही पार्सलाचं वजन करता करता समोरच्याची सगळी दुखणीखुपणी काढून घ्यायची. त्यातूनच तिला बातम्या मिळत. सुट्टीच्या दिवशी ती खरं-खोटं करून यायची आणि आमच्या गावातल्या दैनिकाला लिहून द्यायची. तुंबलेलं गटार, शाळेचं गळकं छप्पर असलं काहीबाही. छापून यायचं, पण नाव दुसऱ्याचं असायचं आणि मानधनाचं तर नावच नको.

अशी वर्षं गेल्यावर एकदाचं संपादकांनी तिला बातमीदाराची नोकरी देऊ केली. पगार कुरिअरच्या निम्मा.

मी शिवणयंत्र थांबवलं. "निम्मा? तुला आहे त्या पगारातून आईचं गुडघ्याचं औषध धड येत नाही, आणि तू निम्म्यावर जाणार?"

"ताई, शिकायला मिळतं म्हणाले ते."

"मग फीच का नाही घेत? लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर निदान पीठ तरी त्यांनी द्यावं!"

"मी चालत जाईन. डबा घरून नेईन."

"डबा काय आभाळातून पडणार आहे?"

आई आतून म्हणाली, "अगं, तिला हौस आहे तर..." मी म्हटलं, हौसेला मोल नसतं हे त्या संपादकाला बरोबर ठाऊक आहे, म्हणूनच तो मोल देत नाही. मला खरोखर संताप आला होता. माझ्याकडे ब्लाउज शिवायला आलेली बाईसुद्धा अस्तराचे पैसे वेगळे देते. आणि हे शिकलेसवरलेले लोक एका मुलीची आवड बघून तिचा भाव पाडतात.

चौकशीबाई भांडली नाही. चार दिवसांनी म्हणाली, "शनिवारी उत्तर द्यायचंय. तू चल माझ्याबरोबर. त्यांच्याशी बोल, मग ठरवू."

तेव्हा तिची एक मोठी बातमी त्यांच्याकडे गेलेली होती. आमच्या भागातल्या खाजगी इस्पितळाची लिफ्ट कित्येक महिने बंद होती. पेशंटला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोन आया तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या. एकदा खुर्ची निसटली आणि एक म्हातारे गृहस्थ जिन्यावरून गडगडले. इस्पितळाने ते घरीच पडले असं कागदावर लिहून टाकलं. हे सगळं चौकशीबाईला त्या खुर्चीची एक बाजू धरणाऱ्या आयानेच सांगितलं. आया भ्यायलेली होती. हिने तिला शब्द दिला की नाव बाहेर जाणार नाही. पण बातमी ऐकीव नाही हे संपादकांना कळावं म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे हिने मजकुराच्या वर आयाचं नाव लिहिलं होतं आणि शेजारी ठळक अक्षरांत, "छापायचं नाही."

शनिवारी आम्ही दोघी गेलो. खालच्या मजल्यावर छपाईचं यंत्र, वर पंखा गरगरणारी लांबट खोली, आणि टोकाला काचेची केबिन. गारवा फक्त केबिनमध्ये होता. संपादक तोंडभर हसले. जाहिरातींचं काम बघणारा माणूसही तिथेच बसला होता.

"पगाराचं मनावर घेऊ नका," संपादक मला म्हणाले. "वर जाहिरातींचं कमिशन आहे. आमच्याकडे बातमीदारच आपल्या भागातल्या जाहिराती आणतो. तुमच्या बहिणीने तर रुजू व्हायच्या आधीच आणली!"

"मी?" चौकशीबाईने विचारलं.

जाहिरातवाल्याने उद्याचं पान टेबलावर पसरलं. अर्ध्या पानावर त्याच इस्पितळाची जाहिरात होती, डॉक्टर हात जोडून उभे. लिफ्टची बातमी पानावर कुठेच नव्हती.

"माझी बातमी?"

"आपल्याकडे पद्धत आहे ना," जाहिरातवाला म्हणाला, "कुणाविरुद्ध काही आलं की त्यांची बाजू घ्यायची. मी स्वतः गेलो. तुमचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. तिथल्या तिथे अर्धं पान दिलं त्यांनी!"

चौकशीबाईचा चेहरा उतरला. "माझा कागद? वरच्या नावासकट?"

"मूळ कागद बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास कसा बसणार?"

"मी लिहिलं होतं, छापायचं नाही."

"मग छापलं कुठे?" संपादक म्हणाले. "नुसतं दाखवलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते मला नीट आठवतही नाही. चोरावर मोर, एवढं नक्की म्हटलं, आणि ते म्हटल्याचं मला अजून समाधान आहे. चौकशीबाई मात्र ओरडली नाही. टेबलावर तिच्यासाठी तयार ठेवलेला नेमणुकीचा कागद तिने परत त्यांच्यापुढे सरकवला.

"मला ही नोकरी नको."

"पगार थोडा वाढवता येईल," संपादक म्हणाले.

"निम्म्यावरच येणार होते मी," ती म्हणाली. "आज हो म्हणायलाच आले होते."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या इतक्या बडबडीनंतरही तिचं ठरलेलं होतं. या लोकांना अशी मुलगी फुकटाच्या भावात मिळत होती आणि त्यांनी तिचाच शब्द अर्ध्या पानाला विकून टाकला. नोकरी गेली याचा मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी जिन्यात उभी राहून रडत होते.

ती थांबली नाही. तशीच पायी आयाच्या खोलीवर गेली, मी मागोमाग. इस्पितळातून निरोप येण्याआधी आपण सांगायला हवं, एवढंच ती वाटेत बोलली. आया दारातच भांडी घासत होती. हिला बघून हात पुसत उठली.

"आलं का गं छापून?"

"नाही मावशी. आणि येणारही नाही."

"असू दे." तिने सुटकेचा निःश्वास टाकला. "मला आपली धाकधूक होती. म्हणजे माझं नाव काही कुणाला कळलं नाही ना?"

माझी बहीण जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारत आली. आज उत्तर तिला द्यायचं होतं. म्हणाली, "कळलं मावशी. फक्त त्यांनाच कळलं."