गाडीखालचा आवाज

मुलांनो, तुमच्या आजोबांची जुनी मोटार अजून मीच चालवते आणि मूल गावचा एक मेकॅनिक ती सांभाळतो. गळलेलं ऑइल तो आधी बोटांवर चोळून हुंगतो. कामाला लागला की गाडीशीही बोलतो, "सरक ना वो माय, काऊन अडून राह्यली?"

मागच्या हिवाळ्यात भर दुपारी जंगलातल्या रस्त्यावर गिअरबॉक्समधून ऑइल ठिबकू लागलं. फोन करताच तो मोटरसायकलवर आला. मला त्याने आतच बसवलं. "आडव्या माणसाले वाघ माणूस समजत नाई, बाई. मी खालून बोलतो, तुम्ही वरून बोला." मोहफुलं वेचणारेही इकडे असेच मोठ्याने बोलत राहतात.

आरशात फक्त त्याचे पाय दिसत होते. मी तुमची नावं घेतली, पाढे म्हटले. अचानक त्याचा आवाज थांबला. झुडपात काहीतरी मोडलं. पाय हलेनात. हॉर्न माझ्या हाताशी होता. पण मी तो वाजवला नाही. श्वास रोखून गप्प बसले.

थोड्या वेळाने तो सरपटत बाहेर आला. "ऑइलच्या प्लगाचा वायसर, ती बारकी चकती, दातात धरला होता, म्हणून बोलता आलं नाई. तुम्ही काऊन चूप झाल्या?"

"घसा कोरडा पडला," मी म्हणाले.

त्याने आपली पाण्याची बाटली मला दिली. मी पीत होते तेवढा वेळ तो झाडीकडे तोंड करून उभा राहिला आणि माझ्या वाटणीचंही मोठ्याने बोलत राहिला.