साडेपाच फुटांची फळी

आज आर्वी नाक्याजवळच्या आरा मशीनवर गेले होते. उभं राहून काम करायच्या टेबलाचे पाय ऑनलाइन मागवलेत, वरची फळी मात्र इथेच बघून घ्यायची होती.

तिथल्या काकांनी आधी आंब्याची दाखवली, मग सागाची. सागावर हात फिरवला आणि ठरलंच.

"लांबी किती ठेवू? एका माणसाले चार फूट लय झाले."

"साडेपाच ठेवा."

"काऊन ताई? एवढ्या फळीवर काय मांडता?"

"सामान लय राह्यते काका माझं."

साफ खोटं. माझा एक लॅपटॉप आणि एक चहाचा कप.

खरं सांगू? लॉकडाऊनमध्ये नवरा आणि मी एकाच जेवणाच्या टेबलावर काम करायचो. त्याचं कोपर सारखं माझ्या माउसला लागायचं. किती भांडायचो आम्ही त्यावरून! मग त्याच्या ऑफिसने त्याला बंगळुरूला बोलावून घेतलं. "घरून काम मिळालं की आलोच," असं तो दर सणाला म्हणतो. म्हणून त्याच्या कोपराची जागा धरूनच मी फळी कापून आणली.

आता ती भिंतीला टेकवून ठेवलीय. सुतार विचारतोय, पॉलिश चमकदार करू की साधं? मी नवऱ्याला फोटो पाठवला आणि विचारलं, तुला कोणतं आवडेल?

लगेच उत्तर आलं, "तूच ठरव ना. टेबल तुझं आहे."

पॉलिशचं आता तुम्हीच सांगा मंडळी.