शेवटच्या पायरीवर कुठून येणार?

आज फुलवाल्याकडे दुर्वांचा ओला वास आला आणि मी मनाने राजूरच्या गणपतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले.

तेव्हा मी दहावीत होते. एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या घेत दहा पायऱ्या किती प्रकारे चढता येतील, हे गणित चार दिवस सुटत नव्हतं. गणित आपल्याला जमायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. दर्शन झाल्यावर कोमट दगडावर टेकून मी ते आईला सांगितलं. आई कधी शाळेत गेली नव्हती.

ती वरच्या पायऱ्यांकडे बघत म्हणाली, “शेवटच्या पायरीवर कुठून येणार? तिच्या खालच्या पायरीवरून, न्हाई तर तिच्याही खालच्या पायरीवरून. मंग त्या दोन्हींचे प्रकार मिळव की.”

मी धुळीत बोटाने लिहीत गेले. पहिल्या पायरीला एक, दुसरीला दोन, मग तीन, पाच, आठ... दहाव्या पायरीला एकोणनव्वद.

“बराबर आलं का?” आईने विचारलं. मी तिला मिठीच मारली.

आता कॉलेजात हेच शिकवते. तेव्हा आनंद उत्तराचा होता. आज वाटतं, ‘मला काय कळतंय त्यातलं’ असं न म्हणता तिने माझं गणित शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तेच मोठं होतं.