वाटर बॉडी भेटत नाय

गेल्या वर्षात मी घरच्यांपेक्षा भंगारवाल्यांशी जास्त बोललो. हे मी म्हणत नाही, बायको म्हणते. आणि वर म्हणते, निदान त्यांच्याशी तरी नीट बोलत जा.

काय नीट बोलणार, कपाळ! शहरात जुन्या स्पेअरच्या गल्लीत गेलं की दुकानदार रंग मारलेला माल पुढ्यात ठेवणार आणि म्हणणार, "एकदम ओरिजनल." मी वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर आहे. दुसऱ्याच्या मालातल्या खोडी काढण्यातच जिंदगी गेली. रंगाखालचं मला दिसत नाही का? दुसऱ्याच ट्रॅक्टरचा भाग, जुनी भोकं बुजवलेली, नवी पाडलेली. मी तो तसाच परत सरकवायचो.

"भाई, इंजन को क्या मालूम पड़ता असली नकली?" एक म्हातारा दुकानदार मला म्हणाला. त्याच्याकडे मी इतक्यांदा गेलो होतो की चहा न विचारताच यायचा.

"इंजनला नाही, मला मालूम पडतं," मी म्हणालो.

"फिर तो नक्को लो. दुआ करो, कोई और मरा हुआ ट्रॅक्टर मिल जाए." आणि हसला. मला हसू आलं नाही.

मला हवी होती ती वाटर बॉडी. म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप. आमच्याकडचे मिस्त्री त्याला हेच म्हणतात. नारळापेक्षा थोडी मोठी, बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची, वर गोल तोंड आणि खाली बोल्टांसाठी चार कान. ती नसली की इंजिन घडीभरात तापून लाल. म्हणून ती बसवल्याशिवाय ट्रॅक्टर चालू करायचा नाही, असं मी ठरवलेलं.

ट्रॅक्टर वडलांचा. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. परदेशी बनावटीचा, तांबडा, पंचक्रोशीत पहिला. तो बनवणारी कंपनीही आता राहिली नाही. मी पोरगा होतो तेव्हापासून तो पाचोडच्या अलीकडे, आमच्या शेतातल्या पत्र्याखाली उभा आहे. मागायला कितीजण आले. कुणी चालवायला, कुणी मोडीत घ्यायला. अण्णा प्रत्येकाला एकच सांगायचे, "वाटर बॉडी भेटत नाय. ओरिजनल भेटली की चालू करू." आयुष्यभर हेच. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत कुणी भेटायला आलं आणि विषय निघाला, तरी हेच.

अण्णा गेले आणि हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माणसाची एवढी एकच गोष्ट राहून गेली, ती आपण पुरी करू. त्यांच्या वर्षश्राद्धाला ट्रॅक्टर चालू करायचा, हे मी मनाशी बांधून घेतलं. बजाजनगरच्या दोन खोल्यांत मावणारा हा छंद नव्हे, हे बायकोनं सांगून पाहिलं. पण मी ऐकणाऱ्यातला नाही. दर सुट्टीला शेतात. इंजिन उतरवून साफ केलं, पिस्टन मिळवले, दिवे मिळवले. समोरची जाळी वेरूळच्या रस्त्यावर एका धाब्याच्या फाटकाला लावलेली सापडली, तिथं मालकाशी भांडून आणली. राहिली ती वाटर बॉडी.

इंजिनावर ती जिथं बसायची त्या जागेला तेल फासून मी वर पुठ्ठा दाबला होता. चार भोकांचा ठसा बरोबर उठला. एक भोक जरा तिरकं, बाकीच्या तिघांच्या रांगेत न बसणारं. तीच त्या ट्रॅक्टरची खूण. तो पुठ्ठा कापून मी पिशवीत ठेवायचो आणि जिथं जाईल तिथं मालावर लावून बघायचो. कुठंच बसायचा नाही.

माय मात्र हे सगळं लांबून बघायची. शेतातल्या घरात ती एकटीच राहते, शहरात यायला तयार नाही. मी हातपाय काळे करून जेवायला बसलो की म्हणायची, "कशाला रं त्या मढ्याला उठवतूस?"

मला राग यायचा. अण्णांच्या ट्रॅक्टरला मढं म्हणते! पण तिचा त्या ट्रॅक्टरवर राग असणार, हे मला माहीत होतं. माझा थोरला भाऊ त्याच ट्रॅक्टरखाली गेला. अण्णा चालवत होते, दादा मडगार्डवर बसलेला. आमच्याकडं सगळी पोरं तशीच बसतात, आजही बसतात. बांध ओलांडताना चाक उसळलं आणि तो खाली आला. मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. मी तेव्हा आजोळी होतो, लहान होतो. परत आलो तेव्हा ट्रॅक्टर पत्र्याखाली गेला होता आणि बांधावर लिंबाखाली दादाचा मुंजा बसवला होता.

बिनलग्नाचं पोर गेलं की त्याच्या नावानं असा दगड बसवायची आमच्याकडं रीत आहे. शेंदूर फासतात, सणावाराला निवद दाखवतात. माझ्या लग्नाची पहिली पत्रिका त्याच्यापुढंच ठेवली होती. दर अमावास्येला माय तेलात शेंदूर कालवून त्याला माखते. वर्षानुवर्षांचे थर बसून तो चांगला मडक्याएवढा झाला होता. शेतात आलो की मी आधी त्याच्यापुढं वाकायचो, मग ट्रॅक्टरकडं जायचो.

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. एका सकाळी मायचा फोन आला. आवाज घाबरलेला. "मुंजाची खोळ गळली रं. ये लवकर."

शेंदराचे थर फार झाले की उन्हानं तडकून कधीतरी आपोआप गळून पडतात. देवानं खोळ टाकली म्हणतात. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, उलट लोक नारळ फोडतात. तरी मी रजा टाकून निघालो. पाचोडच्या रस्त्याला वाटभर वाटत राहिलं, हिला एकटीला ठेवणं बरं नाही.

लिंबाखाली माय बसली होती. शेजारी शेंदराची जाड टरफलं पडलेली. आणि मधे जे उभं होतं, तो दगड नव्हता.

काळंभोर, तेलानं चमकणारं बीड. वर गोल तोंड. खाली चार कान, त्यातले दोन मातीत. एक भोक जरा तिरकं.

मी पिशवीतून पुठ्ठा काढला. खरं तर काढायची गरज नव्हती. पण हात सवयीनं गेला, माती बाजूला केली आणि लावला. चारी भोकं जिथल्या तिथं. त्या भोकांतून खालची माती दिसत होती. अरे देवा, मी कुठं कुठं हिंडलो होतो!

"कुणी बसवली ही?" मी विचारलं.

"तुझ्या अण्णानं." माय माझ्याकडं बघत नव्हती. "मीच म्हनले, ते चाक पुन्हा फिरलेलं मला दिसू देऊ नगा. तवा ह्यांनी सोताच्या हातानं खोलली. म्हनले, आता ह्याच्याबिगर हा चालायचा नाय. न्हिऊन हिरीत टाकनार व्हते. मी म्हनले, टाकू नगा. माझं लेकरू त्याच्याखाली गेलंय, त्यातलं कायतरी माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या."

"आणि लोकांना सांगायचे, भेटत नाही?"

"मग काय सांगायचं? बायको चालवू देत नाय म्हनून? लोकं म्हनले असते, पोरगं सोताच मारलं अन् बायकूला भ्याला. एवढंच एक खोटं बोलले ते. मरंस्तोवर बोलले."

मला एकदम तिचाच राग आला. वर्षभर मी उन्हातान्हात भंगार उपसतोय आणि हिनं एका शब्दानं सांगू नये? मी म्हणालोही, जरा जोरातच, "मग मला सांगितलं का नाही?"

"तू मला कधी इचारलं? तू आपला भंगारवाल्याला इचारीत फिरत व्हतास."

कारखान्यात मी पोरांना शिकवतो, माल बघायच्या आधी माल कुणाचा ते बघा.

ती पदरानं ते बीड पुसायला लागली, कान, तोंड, भोकं, लेकराला न्हाऊ घातल्यावर पुसतात तसं. पुसून झाल्यावर हात मागं घेतला. म्हणाली, "लागत आसंल तर ने. अण्णाच्या नावानं करतूस, नाय कसं म्हनू? पर बघून घे, कुटं गंज नाय. इतक्या वर्सांत म्या गंज चढू दिला नाय त्याला."

खरंच नव्हता. शोधूनही मिळाला नसता असा अस्सल माल, एका ओरखड्याशिवाय, आईनं दर अमावास्येला तेल पाजून सांभाळलेला. माझ्या धंद्यात असा माल मी डोळे झाकून पास केला असता. मी तिथंच बसून रडलो. दादासाठी की अण्णांसाठी, ठाऊक नाही. अण्णांसाठीच असावं. ज्या माणसाची इच्छा पुरी करायला मी निघालो होतो, त्याची इच्छा वेगळीच होती, आणि ती त्यानं रोज पुरी केली होती.

घरातून तेल आणि शेंदूर मीच आणला. पहिला हात मी फिरवला, मग तिनं.

वर्षश्राद्धाला भाऊबंद जमले, जेवले. हात धुता धुता पाचोडचे एक नात्यातले काका पत्र्याखाली गेले. तांबडा रंग, नवे दिवे, धाब्यावरून आणलेली जाळी, सगळं बघून त्यांनी बॉनेटवर थाप मारली.

"लई झ्याक केलास गड्या! मग मार की सेल्फ, आवाज तरी ऐकू दे!"

माय चुलीपाशी भांडी आवरत होती. तिचे हात थांबले.

"नाय हो काका," मी म्हणालो. "वाटर बॉडी भेटत नाय. ओरिजनल भेटली की चालू करू."