वर केलेला हात

सुप्याच्या कारखान्यात सकाळची पाळी सुटत होती, तेव्हा वैशालीच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, वैशाली गेली," एवढंच ते म्हणाले. बसमध्ये खिडकीशी बसले. राहुरी येईपर्यंत रडू येईल असं वाटलं होतं... आलं नाही. आता दीड महिना होऊन गेला, तरी आलेलं नाही. मैत्रिणीच्या चार आठवणी लिहा, असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं, म्हणून लिहायला बसले आहे. गोड लिहिणं मला जमणार नाही.

आम्ही दोघी राहुरीच्या. एकाच वर्गात, एकाच वजनगटात. गावात मुलींनी बॉक्सिंग खेळणं लोकांना विचित्र वाटायचं, त्यामुळे सरावाला दोघी एकमेकींच्या सोबतीनेच जायचो. तिचा डावा हात चांगला होता, पण पाय जड. दम लागला की ती समोरचीला मिठी मारून वेळ काढायची. राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत आम्हीच समोरासमोर आलो. तिसऱ्या फेरीत माझ्या ठोशाने ती गुडघ्यावर आली, पंचांनी आठपर्यंत मोजलं. शेवटच्या फेरीत तर ती नुसती दोरांना टेकून होती. मग पंच आम्हा दोघींचे हात धरून मध्ये उभे राहिले आणि त्यांनी तिचा हात वर केला. संघटनेत तिचा मामा पदाधिकारी होता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आमचे सर तक्रार करायला गेले आणि मान खाली घालून परत आले.

त्या पदकावर तिला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. मी सुप्याला पॅकिंगला लागले. तेही मी सोसलं असतं. पण काही वर्षांनी माझ्या लेकीच्या शाळेत ती प्रमुख पाहुणी म्हणून आली आणि भाषणात म्हणाली, राज्याच्या अंतिम लढतीत समोरची मुलगी पहिल्या फेरीतच घाबरली होती. मी पालकांत बसले होते. लेकीने माझ्याकडे पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर मी वैशालीला गाठलं आणि असं का बोललीस, ते विचारलं. तिची नजर जराही ढळली नाही.

"तू जितलीस, मला म्हाईत हाय. पण हात माझा वर केला त्यांनी. मी काय खाली घ्यायचा हुता का?"

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही.

आजारपणात तिनेच निरोप पाठवला, म्हणून गेले. खाटेवर ती ओळखू येत नव्हती. तिने माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता माफी मागेल... मी ती द्यायलाही तयार होते. पण ती म्हणाली, "सुनंदे, लोक अजून कुजबुजतात. तू एकदा म्हन ना चार मान्सांत, की मी खरंच जितले हुते. तू म्हनलीस तर मिटंल."

मी मनगट सोडवून घेतलं. पाणी पाजलं, उशी नीट केली आणि घरी आले. दोन आठवड्यांनी तो फोन आला.

शोकसभेत तिच्या फोटोखाली 'राज्य विजेती' लिहिलं होतं. मला बोलायला उभं केलं. वैशाली माझ्याबरोबर सराव करायची, कष्ट करायची, एवढं सांगून मी खाली बसले. तिच्या नवऱ्याने मान खाली घातली. त्या माणसाचा काही दोष नव्हता, त्याचं मला वाईट वाटलं. तिचं वाटलं नाही.

रविवारी मी अजून आमच्या जुन्या हॉलवर मुलींना शिकवायला जाते. कोपऱ्यात एक जुनी ठोशांची बॅग टांगलेली आहे. ती फाटली तेव्हा नवीन मिळेना, म्हणून वैशालीने दाभण आणून सुतळीने शिवली होती. टाके वेडेवाकडे आहेत, पण एकही उसवलेला नाही. मुलींना मी दुसऱ्या बॅगेवर पाठवते. त्या गेल्या की हातांना पट्ट्या बांधते आणि नेमकी त्या टाक्यांवर मारत राहते, दम लागेपर्यंत.