चौथ्या बरणीतली मुशी

शार्क, पाकट आणि त्यांच्या सगळ्या भाऊबंदांचा धडा मी बावीस वर्षं शिकवला. त्यातल्या पहिल्या वीस वर्षांत एकही ताजा मासा उलटा करून पाहिला नाही. हे आता बिनधास्त सांगतो, कारण निवृत्ती जवळ आली आहे आणि आमच्या विभागात याची लाज वाटेल असं कोणी उरलेलं नाही.

माझं गाव वाशीमकडचं. आमच्याकडे मासा म्हणजे नदीतली मरळ, तीही पाहुणा आला तर. माझ्या आजोबांना कोणी शाळेच्या ओट्यावर बसू दिलं नव्हतं, त्यामुळे छापलेल्या अक्षरावर आमच्या घराची अपार श्रद्धा. पुस्तकात आहे ना, मग झालं, हे मी वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की दुसरा पुरावा मागायची सवयच लागली नाही. ही श्रद्धा घेऊन मी अंधेरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलो. समुद्र तिथून रिक्षाने वीस मिनिटांवर, पण मला त्याची कधी गरज पडली नाही. आमच्याकडे बरण्या होत्या.

विभागाचं संग्रहालय म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, त्यांत फॉर्मलिनच्या बरण्या. मुशी, म्हणजे आपल्या बाजारात मिळणारा लहान शार्क. पाकट, म्हणजे परातीसारखा चपटा, शेपटीला विषारी काटा असलेला. करवतीसारखं नाक असलेल्या एका माशाचं नुसतं नाक. बाकीचा मासा कुठे गेला ते विचारायची पद्धत नव्हती. शार्कच्या अंड्याची कातडी पिशवी, जी दरवर्षी एखाद्या तरी पोराला खजूर वाटायची. सगळे मासे पिवळटलेले, आणि सगळे काचेच्या पट्टीला दोऱ्याने घट्ट बांधलेले.

‘या माशांच्या अंगात हाड औषधालाही नसतं,’ मी दरवर्षी सांगायचो. ‘आपल्या नाकाच्या शेंड्याला असते ती कूर्चा, तिच्यावरच अख्खा सांगाडा.’ मग मी नाक दाबून दाखवायचो आणि साठ पोरं आपापलं नाक दाबायची. एवढंच काय ते प्रात्यक्षिक. हाडं नसताना हे मासे इतकी युगं टिकले कसे, याचं मला सुरुवातीला फार नवल वाटायचं. विभागाच्या मीटिंगांना बसायला लागल्यावर वाटेनासं झालं.

प्रॅक्टिकल परीक्षेत स्पॉटिंग असतं. टेबलावर नंबर घातलेल्या बरण्या मांडायच्या, लेबलावर कागद चिकटवायचा. घंटा वाजली की पोरांनी पुढच्या बरणीकडे सरकायचं. नाव, गट, दोन लक्षणं लिहा आणि दोन मार्क घ्या. कागद चिकटवून आम्ही फार मोठं गुपित राखतो असा आमचा समज होता. प्रत्यक्षात प्रत्येक बॅच पुढच्या बॅचला यादी देऊन जायची: झाकणाला टवका उडालाय तो शार्क, तळाशी गाळ साचलाय तो पाकट, बाहेर शाईचा डाग आहे तो विजेचा झटका देणारा. पोरं मासा नाही, बरणी ओळखायची. आणि खरं सांगायचं तर मीही टवकाच ओळखायचो.

दोन वर्षांपूर्वी, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत, टवक्याच्या बरणीला चार नंबर होता. पेपर तपासताना एका मुलीचं उत्तर पाहून मी थबकलो. तिनं लिहिलं होतं, ‘हा शार्क नाही. पाकटाच्या जवळचा आहे. डोकं फावड्यासारखं चपटं. कल्ल्यांच्या फटी पोटाकडे.’ शेजारी पेन्सिलीने आकृती काढली होती आणि खाली तिच्या घरचं त्या माशाचं नाव. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझ्या हातून ते नक्की चुकेल. पुस्तकात नसलेलं नाव पाहून मी शून्य दिलं. लाल पेनाने, चांगलं गोल.

त्या शून्यामुळे ती दोन मार्कांनी नापास झाली. पोरांच्या भाषेत केटी लागली. ही बातमी फुटल्यावर ती मला भेटायला आली. तिची आई वाकोल्याच्या बाजारात मासे विकते, हे मला तेव्हा कळलं.

‘सर, मला पुढे मत्स्यविज्ञान करायचंय. केटी असली तर फॉर्मच घेत नाहीत. वर्ष जाणार माझं.’

‘अगं, पण लेबलवर शार्क लिहिलंय. माझ्या आधीपासून लिहिलंय.’

‘लेबल ठीक आहे ना सर, पण तुम्ही एकदा तिला उलटी करून बघा ना. प्लीज.’

‘ती बरणी सीलबंद आहे. उघडता येत नाही.’

‘मग आईकडे या. तिच्याकडे ताजी असते.’

मार्क शनिवारी जायचे होते. शुक्रवारी सकाळी मी वाकोल्याच्या बाजारात गेलो. मनात सरळ हेतू होता: पोरगी चुकली हे सिद्ध करायचं आणि शांत झोपायचं.

तिची आई पाटावर बसून मासे कापत होती. मी ओळख सांगितल्यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘तूच काय तो मास्तर? बस इथं.’ मी उलट्या क्रेटवर बसलो. तिनं एक मुशी उचलून माझ्या हातात दिली. ‘हात फिरव. आता उलटा फिरव.’ एकीकडून गुळगुळीत, दुसरीकडून पॉलिश पेपर. हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो आणि बोटांना आज कळत होतं. ‘कल्ले बघ. बाजूला हायेत ना? ही मुशी.’ मग पाकट उलटा केला. पाची जोड्या फटी खाली, पोटाला. त्यानंतर तिनं फडक्याखालून एक लांब मासा काढला. पुढून फावडं, मागून हुबेहूब मुशी. माझ्या बरणीतला, फक्त पिवळा नसलेला. तिनं तो माझ्यासमोर उलटा केला. फटी खाली होत्या.

‘ही मुशी नाय,’ ती म्हणाली. ‘हिला मुशी सांगून विकली ना, तर गिऱ्हाईक परत माझं तोंड बघनार नाय. तुमच्यात चालतं वाटतं?’

मला राग यायला हवा होता, पण झाला तो आनंद. मी तासभर तिथून हललो नाही. कुठली पिल्लं घालते, कुठली अंडी, हातोड्यासारख्या डोक्याची कधी येते, सगळं विचारत सुटलो. करवतीच्या नाकाच्या माशाबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली की तो तिच्या सासूने पाहिलेला, तिनं स्वतः कधी नाही. आमच्याकडे निदान त्याचं नाक आहे, असं मी अभिमानाने सांगितलं.

तसाच कॉलेजात आलो आणि विभागप्रमुख मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी तातडीची मीटिंग बोलावली. पुढच्याच आठवड्यात तपासणी समिती येणार होती.

‘बरणी चुकीची म्हटलं तर आजवरच्या सगळ्या पोरांचे मार्क चुकीचे. ते काढून घेणार आहात?’ मॅडमनी विचारलं.

‘कोणाचे काढायचे नाहीत, मॅडम. एका मुलीला दोन द्यायचेत.’

‘एकीला दिले म्हणजे चूक मान्य केली. आणि संदर्भ काय लिहू मिनिट्समध्ये? वाकोल्याची कोळीण?’

सगळे हसले. मीही हसलो. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. शेवटी असं ठरलं की विषयाची नोंद घेण्यात यावी, बरणी जागची हलवू नये आणि तपासणीच्या दृष्टीने जुनं लेबल लॅमिनेट करून घ्यावं.

अंतर्गत परीक्षक मी होतो. पेन माझ्या हातात होतं, मार्कांच्या कागदावर सही माझी होती. शून्याचे दोन करायला मला कोणाच्या बापाची परवानगी लागत नव्हती. पण माझी बढतीची फाइल मॅडमच्या टेबलावर होती आणि मी भ्यालो. दुसरं कारण नाही. शनिवारी शून्य गेलं. पुढच्या आठवड्यात समितीने संग्रहालयाचं कौतुक केलं, विशेषतः लेबलांचं.

ऑक्टोबरमध्ये केटीची परीक्षा झाली. पोरं मोजकीच होती, बरण्या त्याच. घाटकोपरच्या एका कॉलेजातून बाहेरचे परीक्षक आले होते, हसतमुख गृहस्थ. तोंडी परीक्षेला ती समोर येऊन बसली. मी त्यांच्या शेजारी होतो.

परीक्षकांनी चार नंबरची बरणी पुढे ओढली. ‘हे काय आहे, सांग बघू.’

तिनं बरणीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

‘शार्क, सर.’

‘कशावरून?’

‘कल्ल्यांच्या फटी डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, सर.’

‘झकास!’ परीक्षक खूश झाले. ‘अशी तयारी हवी. ही नापास झालीच कशी?’ आणि पेन सरसावून ते माझ्याकडे वळले. ‘बरोबर ना, सर?’

ती अजून माझ्याकडेच बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. मी खरं बोललो असतो तर ती पुन्हा नापास झाली असती, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलोय. तीन वर्षांत मी तिला एवढी एकच गोष्ट शिकवली होती आणि ती तिनं बिनचूक म्हणून दाखवली होती.

‘बरोबर,’ मी म्हणालो.

परीक्षकांनी दोनपैकी दोन लिहिले आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.